परीक्षेला बसलेली बोडी

प्रवासवर्णन लिहिण्याइतका मी कुठे फिरलेलो नाही, त्यामुळे आधीच माफी मागतो. चंद्रपूरच्या कॉलेजातून निघालो, सिंदेवाहीजवळच्या एका गावी मासे आणि पाणी बघितलं आणि परत आलो, एवढाच माझा प्रवास. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. घरी चामोर्शीकडे धानाची शेती आहे. बाबा म्हणाले, तू तिकडे काय केलंस ते आम्हाला सांगता येईल असं लिहून काढ. म्हणून हे धाडस.

चंद्रपुरातल्या चांदा फोर्ट स्टेशनवरून गोंदियाची पॅसेंजर पकडली. मांडीवर पाणी तपासण्याच्या बाटल्यांची पेटी होती. केळझर गेलं तसं दोन्ही बाजूंनी जंगल जवळ आलं, मग शेतं लागली. धान कापून झालं होतं आणि बांध्यांमध्ये (बांध घातलेल्या वाफ्यांत) पुंजणे (कापलेल्या धानाचे ढीग) उभे होते. शेजारच्या बाईंनी पेटीत काय आहे ते विचारलं. मी सांगितल्यावर त्यांनी पिशवीतली स्वतःची बाटली काढून माझ्यापुढे धरली आणि हे पाणी कसं आहे ते सांग म्हणाल्या. गाडीत तपासता येत नाही, हे मी तीनदा सांगितलं. त्यांनी बाटली परत ठेवली, पण मला काही येत नाही अशीच त्यांची समजूत झाली असावी.

सिंदेवाही स्टेशनवर दौलतभाऊ फटफटी घेऊन उभे होते. ते गावच्या मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष. गावच्या तलावात काही वर्षांपूर्वी तिलापिया हा बाहेरचा मासा शिरला आणि इतका वाढला की रोहू, कतला जाळ्यात येईनासे झाले. कुणीतरी विषारी पावडर टाकून तो मारायचा प्रयत्न केला. मेलेले मासे सडले, पाणी काळं पडलं आणि तलावाला लागून असलेल्या विहिरीलाही वास सुटला. म्हणून या वेळी सोसायटीने वेगळा मार्ग धरला होता. तिलापियाची पिल्लं खाणारा आपल्याकडचा मरळ मासा आधी एका बोडीत (शेततळ्यासारखं लहान तळं) सोडून पाहिला होता. बोडीचं पाणी चांगलं राहिलं असेल तर ते मरळ मोठ्या तलावात सोडायचे. पाणी बघण्याचं काम कॉलेजातल्या आमच्या सरांनी माझ्याकडे दिलं होतं.

विहिरीला लागून शेवंताबाईंचं घर आहे. त्या दौलतभाऊंच्या वहिनी, आणि मरळ सोडायला विरोध करणाऱ्यांत पहिल्या. त्यांनी मला रस्सा-भात वाढला, वर भरपूर सांबार (कोथिंबीर) आणि बाजूला लाखोळीची (लाखेच्या कोवळ्या पाल्याची) घोटलेली भाजी. वाढतावाढता म्हणाल्या, "बापू, मासोळी आमी नाई खाल्ली तरी जगू. पाणी खराब झालं तं कुठी जाऊ?"

मी भीतभीतच बोडीवर गेलो. पाणी नितळ होतं. एक मरळ वर आला, तोंड काढून हवा घेतली आणि खाली गेला. दौलतभाऊ खूश झाले. म्हणाले, मासा जिवंत आहे म्हणजे पाणी पास. मरळ वरची हवा घेतो, तो खराब पाण्यातही तग धरतो, म्हणून पाण्याबद्दल त्याची साक्ष चालत नाही, हे त्यांना सांगताना माझी जीभ अडखळली. नंतर नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकले. तुलनेसाठी घेतलेलं तलावाचं पाणी हिरवट झालं, म्हणजे ठीक. बोडीचं पाणी मात्र गडद जांभळं झालं, म्हणजे त्यात अल्कली फार वाढलेली. पुन्हा केलं, पुन्हा जांभळंच. सगळी मेहनत वाया गेली असं वाटलं.

तेवढ्यात काठच्या गवतावर पांढरी भुकटी दिसली. मी दौलतभाऊंकडे पाहिलं. ते टोपी काढून डोकं खाजवू लागले.

"थोडा चुना टाकला होता," ते म्हणाले. "तुमी तपासाले येऊन राह्यले म्हनून. पोराले परीक्षेले आंघोळ घालूनच पाठवतो ना आपन?"

मागून शेवंताबाई आल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला, पण हसू काही थांबेना. "पाहुणे येतेत म्हनून आंगन सारवलं, आन् या भाऊजींनं पाणीबी सारवलं!"

मग मीही हसलो, दौलतभाऊही हसले. मी सरांना फोन केला. सरही हसले आणि म्हणाले, चुन्याचा परिणाम ओसरेपर्यंत तिथेच थांब.

असा माझा मुक्काम वाढला, आणि खरं सांगायचं तर तेच दिवस प्रवासाचे. मासेमारी करणाऱ्या ढिवरांबरोबर डोंग्यात (लाकडी होडीत) बसलो आणि पहिल्याच दिवशी तोल जाऊन पाण्यात पडलो. त्यावर एका म्हाताऱ्यांनी विचारलं, "आतून तपासून राह्यला का?" पुढे गावभर मला हाच प्रश्न विचारत. दौलतभाऊंनी गावचा एक नेम सांगितला. मरळाची पिल्लं लहानपणी लाल असतात, पाण्यावर घोळक्याने फिरतात आणि आईबाप खालून राखण करतात. असा लाल घोळका दिसला की त्या बाजूला कुणी जाळं टाकत नाही.

चुन्याचा परिणाम ओसरल्यावर एका पहाटे पुन्हा तपासलं. पाण्यातला ऑक्सिजन पहाटे सगळ्यात कमी असतो, म्हणून ती वेळ. बोडीचा रंग तलावासारखाच हिरवट आला, ऑक्सिजनही पुरेसा निघाला, आणि वरची हवा न घेणारे बारके मासे काठाशी खेळत होते. तरीही एका बोडीवरून सगळ्या तलावाची खात्री देता येत नाही, हे मी शेवंताबाईंना सांगितलं. मरळ थोडेच सोडा, आणि दर महिन्याला विहिरीचं पाणी बघू, असं म्हणालो.  त्यांनी विहिरीतून लोटाभर पाणी काढून माझ्या हातात दिलं.

"हो म्हनतो मी. पन दर वेळी आला का आधी हे पिऊन दाखवजो. बाटल्या मंग."

मी लोटा रिकामा केला.

सोसायटीने थोडे मरळ तलावात सोडले. त्यानंतर दर महिन्याला गेलो, प्यालो, तपासलं. पावसाळ्यात माझी परीक्षा आली आणि एक फेरी चुकली. जीव टांगणीला लागला होता. शेवटचा पेपर देऊन बाहेर आलो तर शेवंताबाईंचा फोन.

"तलावात लाल पिल्लं निंगाली, बापू. त्या आंगाले जाळं बंद केलं."

मला फार आनंद झाला. लगेच विचारलं, "आणि विहिरीचं पाणी, बाई?"

"काऊन, फोनवर सांगू का?" त्या म्हणाल्या. "लोटा घासून ठेवला हाये. ये."