येत नाही तेच पुस्तक

मित्रांनो, आज धाकट्या बहिणीला घेऊन कामठ्याहून गोंदियाला गेलो. तिला एमबीएच्या प्रवेश परीक्षेचं पुस्तक घ्यायचं होतं.

दुकानदाराने एक पुढे केलं. "बेटी, ये आसान है, सब यही ले जाते हैं."

तिने काउंटरवर उभ्या उभ्याच शेवटच्या धड्यातली गणितं सोडवली. मी खूश होऊन पाकीट काढलं, तर म्हणते कशी, "दादा, हे तं सारंच येते मले. मंग कायले घेऊन राहिला?"

दुसऱ्या जाड पुस्तकात पहिल्याच गणिताला अडली. "हेच पायजे!"

घरी येईस्तोवर गाडीवर मागे बसलेल्या तिच्या हातातलं ते पुस्तक माझ्या पाठीला टोचत होतं. एवढं बरं कधी वाटलं नव्हतं.

जे येत नाही तेच मागून घेणारं कोणी आहे तुमच्या घरात? आमच्या घरात आहे.