गोधडीच्या पोटात काय भरावे

माझी नणंद पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, म्हणजे आमच्याकडे नागपूरला, यायची होती. येणाऱ्या बाळाची गोधडी शिवण्याचे काम माझ्याकडे आले. मी पदवीधर असले तरी सुई तिशी उलटल्यावर हाती घेतली होती. तेव्हा हा विश्वास होता की परीक्षा, हे मला नीटसे कळले नाही. बाळाबरोबर ती गोधडी उमरेडला जाणार होती आणि नणंदेच्या सासूबाई ती उलटीपालटी करून पाहणार होत्या. माझ्या सासूबाईंची सारी अब्रू जणू त्या हातभर कापडावर ठेवलेली होती.

पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून आणावा, असे मी भीतभीत सुचवले.

“हातच्या टाक्यात कापूस राहते का वं? दोन धुण्यात गोळे होते. लेकराच्या पाठीखाली दगडं घालशील?”

सासूबाईंचा नियम ठरलेला होता. गोधडीच्या पोटात जुने, मऊ सुती कापडच असावे आणि ते घरातल्या वडीलधाऱ्याने नेसून विरलेले असावे. म्हणजे बाळाला त्याचे आयुष्य लाभते. अडचण एवढीच होती की आमच्या विणकराच्या घरात जुने कापड औषधालाही उरलेले नव्हते. लढाईपासूनचे कापडाचे रेशनिंग उठल्याच्या आनंदात सासूबाईंनी जुनी लुगडी आणि धोतरे बोहारणीला देऊन पितळेची भांडी घेतली होती. शेजारी चिंध्या मागायला जावे, तर विणकराच्या घराने कापड मागायचे कसे?

मामंजींचा माग अजून चालू होता. ते रेशीमकाठी धोतरे विणत; स्वतः मात्र मिलचे, तेही आता नवेकोरे, धोतर नेसत. सगळे विणकर तसेच करत. मागावरचे कापड बाजारासाठी असे. चर्चा ऐकून ते दुखावले.

“माह्या हातचं कापड काहून नाही चालत?”

“चांगलं हाय म्हणूनच नाही चालत. खळ हाय त्याच्यात. सुई शिरत नाही.”

“मंग मीच नेसतो न् जुनं करतो!”

ते रागाने बोलले होते. सासूबाईंनी तो निर्णय मानला. दुसऱ्या दिवसापासून मामंजी स्वतः विणलेले धोतर नेसू लागले. संध्याकाळी ते सोड्याच्या उकळत्या पाण्यात पडे, रात्री वाळे आणि सकाळी पुन्हा त्यांच्या कमरेला असे. आळीत थट्टा सुरू झाली.

“काय गा, घरी लग्न हाय का? रोज काठाचं धोतर!”

“नातवाची गोधडी नेसून राहिलो,” मामंजी गंभीरपणे सांगत.

ते जेवायला बसले की सासूबाई वाढता वाढता धोतराचा सोगा चिमटीत धरून पाहत आणि म्हणत, “अजून नाही झालं.” जणू चुलीवर वरण शिजत होते. मामंजींना मात्र ते धोतर आवडू लागले होते. आपले कापड अंगाला इतके बरे लागते, हे त्यांना साठीला आल्यावर समजले. अखेर दिवाळीनंतर धोतर मऊ झाले आणि त्यांनी ते फारशा उत्साहाने दिले नाही. मी त्याच्या चार घड्या घालून, बोटाबोटावर धावदोरा घालत गोधडी पुरी केली.

मुलगी झाली. विहीणबाई बारशाला आल्या. त्यांचेही घर विणकरांचे. त्यांनी गोधडी दुमडली, गालाला लावली, टाके नखाने ओढून पाहिले. सासूबाई पुढे सरकून बसल्या.

“मऊ हाय,” विहीणबाई म्हणाल्या. “आत काय घातलं?”

“ह्यायचं धोतर,” सासूबाईंनी मामंजींच्या मागाकडे बोट दाखवले. “घरच्याच मागावरचं, नेसून नेसून जुनं केलेलं.”

विहीणबाई मोकळेपणाने हसल्या. “विणकर कधी आपलं कापड नेसते का, विहीणबाई? शेजारून मागून आणलं असन त तसं सांगा. लाज कायची त्याच्यात?”

सासूबाईंचा चेहरा उतरला. खरे काय ते मी सांगायला हवे होते. वाक्य मनात जुळवूनही झाले होते. पण तोवर विहीणबाईंनी नातीला त्या गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतले होते, ती झोपली होती आणि आम्हा सगळ्यांनाच हळू बोलावे लागत होते; माझे वाक्य हळू बोलण्यासारखे नव्हते.