कागदावरचं 'इथे क्लिक करा'

सातपूरच्या छापखान्यात अठरा वर्षं मी पानं लावत होते. मग मालकांचा जावई पुण्याहून आला, माझ्या टेबलावर स्वतःचा भलामोठा स्क्रीन मांडला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "काकू, तुमचं डिझाइन जुनं झालंय. तुम्ही आता फक्त मजकूर टाइप करा." मी बेचाळीस वर्षांची होते. टेबल गेल्यापेक्षा ते 'काकू' मला जास्त झोंबलं.

महिन्याभरात मखमलाबादच्या एका बाईंचं काम आलं. त्यांची झेंडूची रोपवाटिका होती आणि शेतकरी मेळाव्यात वाटायला पुस्तिका हवी होती. जावयाने केलेली पानं देखणी होती, खोटं कशाला बोलू? काळ्या पानावर नाजूक पांढरी अक्षरं, आणि केशरी झेंडू असा की डोळे दिपावेत. पण स्क्रीनला स्वतःचा उजेड असतो, कागदाला नसतो. तो केशरी रंग छपाईच्या चार शायांत उतरत नाही, मळकट होतो. बारीक पांढरी अक्षरं काळ्या शाईत बुजतात. मजकूर तर अगदी कडेला चिकटवलेला, म्हणजे कागद कापताना जाणारच.

"एक प्रूफ काढून बघू या का?" मी विचारलं.

"काकू, स्क्रीनवर दिसतंय ना सगळं!" तो म्हणाला. मालकही हसले.

तेव्हा मी ठरवलं, आता बोलायचं नाही. पुस्तिकेसाठी बाईंच्या वेबसाइटवरून घेतलेला मजकूर शेवटचा तपासायला माझ्याच हाताखालून गेला. त्यात शेवटी एक ओळ होती, 'सर्व जाती पाहण्यासाठी इथे क्लिक करा.' खोडायला एक क्षण पुरला असता. मी ती तशीच ठेवली. वर 'छापायला हरकत नाही' म्हणून जावयाची सही घेतली. त्या दुपारी मला जेवण फार गोड लागलं.

बाई आपल्या सासऱ्यांना घेऊन गठ्ठे न्यायला आल्या. झेंडू विटांच्या रंगाचे झाले होते. फोन नंबरचे शेवटचे दोन आकडे कापले गेले होते. बाईंच्या सासऱ्यांनी 'इथे क्लिक करा'च्या त्या निळ्या ओळीवर अंगठा दाबला. परत दाबला.

"यातून काय निघायचं हाय?" त्यांनी जावयाला विचारलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "स्क्रीनवर तर सगळं दिसत होतं."

मालकांनी त्याला सगळ्यांदेखत झाडलं. मी एकेक शब्द ऐकला, साठवला. मग कुणाला न विचारता माझ्या टेबलाशी बसले. पांढरं पान घेतलं, ठसठशीत काळी अक्षरं लावली, रंग तीनदा छापून पाहिला. मेळाव्याच्या आदल्या दिवशी नवीन पुस्तिका तयार झाल्या. जावई पुढे वेबसाइटचीच कामं बघू लागला, तीही वरच्या मजल्यावर.

मेळाव्यात मी मुद्दाम बाईंकडे गेले आणि सांगून टाकलं, "मला आधीच माहीत होतं, असं होणार ते."

त्या रोपांना पाणी मारत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "मंग तुमच्या भांडणात माझी फुलं कशाला घेतली, ताई?"

 मी चार रोपं विकत घेतली आणि निघाले. बाईंना दिलेला त्रास अजून सलतो. पण जावयाची मान खाली गेली, त्याचं मला आजही जराही वाईट वाटत नाही.