प्रथिनाचा भार उतरवणाऱ्या समीक्षा बैसाणे

शिरपूरच्या एका प्रयोगशाळेत समीक्षा बैसाणे रेणूंचे वस्तुमान मोजणारे यंत्र सांभाळतात. यंत्रात शिरताना प्रथिनावर विद्युतभार चढतो. तो फार झाला की प्रथिनाची घडी उलगडते, म्हणून समीक्षा विशिष्ट वाफ सोडून तो बेताने उतरवतात. पुण्यात त्यांना पीएच.डी.ची जागा मिळाली, तेव्हा प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणाले, "हे दुसऱ्या कुणाला जमलं, तरच सोडीन."

त्यांनी सहायक शीतल पावराला शिकवले. प्रमुखांनी शीतलची परीक्षा घेतली, त्या दिवशी यंत्राचा पडदा कोराच राहिला.

"काय गं, प्रथिन सातपुड्यात पळालं का?" प्रमुख हसले.

भार जितका कमी, तितके प्रथिन यंत्राला जड भासते. वाफ जास्त झाल्याने ते मोजमापाच्या हद्दीपलीकडे गेले होते. समीक्षांना हे कळले, पण बोलल्या असत्या तर शीतलची परीक्षा बाद झाली असती. त्यांनी हात पाठीमागे धरून ठेवले.

शीतलने विचार करून वाफ कमी केली. पडद्यावर प्रथिनाच्या आलेखाची शिखरे उमटली.

"ताई, सापडलं!"

"उत्तम," प्रमुख म्हणाले. "आता दोघी आहात, तर दुप्पट नमुने घेऊ. पुण्याचं पुढच्या वर्षी बघू."

अट लेखी नव्हती. प्रमुखांना ती आठवतही नाही.