टोपलीतल्या गोळ्या

वेताची ती टोपली आठवली की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. टोपलीचा काय दोष म्हणा. पण ज्यांचा दोष, ते हात झटकून मोकळे झाले.

माझी आत्या लाँड्रीत प्रेसवर काम करायची. चादर पसरायची, तापलेला पत्रा वरून दाबायचा, वाफ सोडायची, पुढची चादर घ्यायची. दिवसभर उभ्याने हेच. तिच्या घड्या इतक्या नेटक्या असत की तिथे तिला सगळे 'कडक' म्हणत. जीभही तशीच. मुकादमाने एकदा सुरकुतलेली चादर तिच्यापुढे नाचवली, तर ती म्हणाली, "ही तुमच्या शर्टाची बहीण दिसते. माझ्या हातची नाही."

तिला लहानपणापासून फीट यायची. गोळ्यांनी ती आटोक्यात होती. गोळी जिभेवर ठेवताना आत्या दरवेळी पुटपुटायची, "प्रभू, तुझी इच्छा," आणि मग पाणी प्यायची. तिच्या लेखी गोळी आणि प्रार्थना यांचं कधी भांडण नव्हतं.

ते लावलं आमच्या चर्चच्या नव्या पाळकांनी. त्यांनी रोगमुक्तीची उपासना सुरू केली. ते आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करत. ज्याला बरं झाल्यासारखं वाटेल त्याने आपलं औषध व्यासपीठापुढच्या टोपलीत टाकायचं आणि मंडळीकडे तोंड करून साक्ष द्यायची. टोपली कधी रिकामी करत नसत. भरत चाललेली दिसायला हवी ना! स्वतः पाळकसाहेब जाड भिंगांचा चष्मा लावून शास्त्र वाचत. मला हसू आलं, तर आईने चिमटा काढला.

एका रविवारी आत्याच्या डोक्यावर हात पडला. तिने गोळ्यांची पाकिटं टोपलीत टाकली आणि म्हणाली, "मी बरी झाले." ती रडत होती. कडकला रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

घरी बाबा म्हणाले, "अगं, प्रार्थना कर, कोण नको म्हणतंय? पण गोळ्याही घे. देव काही रुसत नाही."

"दादा, चारचौघांत साक्ष दिलीय मी. आता गोळी गिळली तर प्रभूला खोटं पाडल्यासारखं होईल."

बाबांनी परोपरीने समजावलं, पण ती बधली नाही.

काही आठवडे काहीच झालं नाही. पाळकसाहेबांना तर हर्षवायूच व्हायचा बाकी होता. दर उपासनेला ते आत्याला पुढे उभं करत, दुकानाबाहेर टांगलेल्या नमुन्याच्या कपड्यासारखं. तिचं ऐकून शेजारच्या बेकरीवालीनेही आपल्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या टोपलीत टाकल्या.

मग प्रेसवर उभी असतानाच आत्याला फीट आली. हात पत्र्याखाली गेला. शेजारच्या प्रेसवरच्या बाईने धावत येऊन पत्रा उचलला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. उजव्या हाताची बोटं डॉक्टरांना वाचवता आली नाहीत.

पाळकसाहेब दवाखान्यात आले. खुर्ची ओढून बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, विश्वासात कुठेतरी उणीव राहिली असेल. पण ही प्रभूची इच्छा समजून स्वीकारा."

माझं डोकंच फिरलं. बरी होती तोवर श्रेय यांच्या प्रार्थनेला. भाजली तर खापर हिच्या विश्वासावर, आणि उरलंसुरलं देवाच्या माथी. यांच्या वाट्याला काहीच कसं येत नाही? मी तोंड उघडणार तोच बाबांनी माझा दंड धरला. आत्या छताकडे बघत पडून होती.

ते गेल्यावर तिने मला विचारलं, "बेकरीवालीने गोळ्या परत सुरू केल्या का गं?"

"नाही. डोकं ठणकतं म्हणते, चक्कर येते. तरी ऐकत नाही. म्हणते, कडकचा विश्वास कमी पडला, माझा नाही पडणार."

आत्याने डोळे मिटले. "माझ्या तोंडाकडे बघून टाकल्यात तिने त्या," ती म्हणाली.

दवाखान्यातून सुटल्यावरच्या पहिल्याच उपासनेला ती बँडेज बांधलेला हात गळ्यात अडकवून पुढे गेली. पाळकसाहेबांनी आशीर्वादासाठी हात उचलला. तिने डोकं बाजूला घेतलं.

"साक्ष द्यायचीय," ती म्हणाली. "मी बरी झाले नव्हते. मला तसं वाटलं होतं. आज सकाळी मी गोळी घेतली. प्रार्थना करून घेतली."

"ताई, अशा बोलण्याने दुबळ्यांचा विश्वास ढळतो. देवाची इच्छा..."

"आधी तुमचा चष्मा टाका टोपलीत. मग सांगा देवाची इच्छा."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. पाळकसाहेबांचा हात चष्म्याकडे गेला. त्यांनी तो नाकावर नीट बसवला.

आत्याने डाव्या हाताने टोपली उपसली. बेकरीवालीचं पाकीट शोधून काढलं आणि बाकांमधून चालत तिच्यापुढे जाऊन उभी राहिली. बेकरीवालीने मान फिरवली.

आत्या अंगठ्याने गोळी दाबू लागली. पाकीट वाकत होतं, निसटत होतं, गोळी काही बाहेर येईना. एकदा खाली पडलं. तिने वाकून उचललं आणि पुन्हा दाबू लागली. सगळं चर्च बघत होतं, कुणी हललं नाही. मला त्या एकेकाला गदागदा हलवावंसं वाटत होतं.

"धर गं दुसरीकडून," आत्या बेकरीवालीला म्हणाली. "मला आता एका हाताने नाही जमत."

बेकरीवालीने त्या बँडेजकडे पाहिलं. मग तिने पाकीट धरलं आणि गोळी स्वतःच फोडून काढली.

मी पाणी आणलं.

"गीळ," आत्या म्हणाली. "आणि म्हण, प्रभू, तुझी इच्छा."