विड्यानं रंगलेली जीभ

काल इंदापुरात कुणीतरी विडा पुढं केला आणि काताच्या वासानं मला सात वर्षं मागं, कळस गावाला नेलं.

तेव्हा मी आरोग्याची पत्रकं वाटत गावोगाव फिरायचे. जीभ पांढरीफटक असेल तर अंगात रक्त कमी, हे मला तोंडपाठ होतं. एका घरी सातव्या महिन्यातली सून, अनसूया, भिंतीला टेकून धापा टाकत होती. मी म्हटलं, "जीभ दाखव."

सासू म्हणाली, "थांबा बाई, पाहुण्यांम्होरं असं कोरडं तोंड दावत्यात व्हय?" तिनं आधी सुनेला विडा खाऊ घातला.

मग अनसूयेनं लाजत जीभ काढली. लालभडक! सासू हसली, "बगा, विडा असा रंगला म्हंजी नवऱ्याचा लई जीव हाय हिच्यावर!" मीही हसले. तिचे डोळे, नखं काही पाहिलं नाही. "ठणठणीत आहे," म्हणाले आणि पुढच्या घरी गेले.

बाळंतपणात अनसूया गेली. अंगात रक्तच नव्हतं, असं सुईण म्हणाली.

तेव्हापासून प्रत्येक सभेत मी सासवांच्या अडाणीपणावर आग पाखडत आले. पण पत्रक त्या सासूनं वाचलं नव्हतं, मी वाचलं होतं. ती लाल जीभ अजून माझ्यासमोर तशीच बाहेर आहे. ‘चूळ भर आणि पुन्हा दाखव,’ एवढंच म्हणायचं होतं.