चौघांनीही युद्धदेवच निवडला

मित्रांनो, आज नेकनूरला बंद पडलेल्या दूध सोसायटीच्या खोलीत आमचा रोल-प्लेइंग गेम मांडला. त्यात प्रत्येकानं आपल्या पात्रासाठी एक देव निवडायचा असतो. गेम मी रचतो. यावेळी मुद्दाम पाण्याची देवी सगळ्यात ताकदवान केली. तरी चौघांनीही युद्धदेवच घेतला.

मी चिडलो. "देवी कावून नको बे?"

सोसायटीत दूध मोजायचा तो गणेश म्हणाला, "तिची वाट रोजच बघतो. गेममधी तरी दुश्मन समोर येऊ दे. दुष्काळावर तलवार कुठं मारायची?"

तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला. डाव सोडून आम्ही घागरी घेऊन रांगेत उभे राहिलो. आमचा नंबर यायच्या आत पाणी संपलं.

तलवार मारायची तर समोर नुसता ड्रायव्हर. तोही मान खाली घालून उभा.

तुम्ही कोणता देव घेतला असता?